बत्तीस मिनिटांतला वाटा

सॅक्रामेंटो (कॅलिफोर्निया), फेब्रुवारी

"बाकावर बसवाले नेता काय तिले?" गाडीचं दार लावता लावता आजीनं विचारलं, आणि घरापर्यंतचा पंधरा मिनिटांचा रस्ता कुणी बोललं नाही.

आजी अकोल्याच्या. तीन महिन्यांसाठी मुलाकडे आल्या आहेत. नात इथल्या सरकारी हायस्कुलात दहावीला आहे आणि शाळेच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात दुसऱ्या नंबरची पॉइंट गार्ड आहे. आम्ही त्यांचे शेजारी, मूळ अमरावतीचे. दोन वऱ्हाडी घरं एका गल्लीत, त्यामुळे सामन्यांना एकाच गाडीनं जाणं होतं. त्या शुक्रवारी पोरगी बत्तीस मिनिटांच्या सामन्यात दीड मिनिट मैदानावर होती. बाकीचा वेळ ती मांडीवर टॉवेल घेऊन बसली, आणि आजी खेळ सोडून तिच्याकडेच बघत होत्या.

आजीचा प्रश्न या देशात हिवाळाभर घरोघरी चालतो. आपल्याकडे 'मार्क किती पडले' हे जसं विचारतात तसं इथे 'मिनिटं किती मिळाली' हे विचारतात. अमेरिका समजून घ्यायची तर या मिनिटांच्या हिशेबाकडे बघावं, असं मला इथे राहून वाटू लागलं आहे.

शाळेचा सामना आठ-आठ मिनिटांच्या चार भागांचा. मैदानावर एका वेळी पाच जणी. म्हणजे वाटायला एकूण १६० मिनिटं, आणि संघात मुली बारा. सारखी वाटणी केली तर प्रत्येकीला तेराच्या आसपास येतील; पण सारखी वाटणी कुणी करत नाही. लहान मुलांच्या हौशी लीगमध्ये सगळ्यांना खेळवायचा नियम बहुधा असतो. हायस्कुलात आलं की तो संपतो. तिथे निवड चाचणी होते, काहींना घरी पाठवतात, आणि उरलेल्यांत व्हार्सिटी म्हणजे शाळेचा मुख्य संघ आणि त्याखालचे संघ असे थर लागतात. मुलींसाठी हा सगळा डोलारा उभा आहे त्यामागे १९७२चा एक कायदा आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असं तो सांगतो. त्याला इथे टायटल नाइन म्हणतात. त्यामुळे मुलींच्या सामन्यालाही तेच लाकडी मैदान, तसेच पंच, तसाच गुणफलक असतो. पंधरा वर्षांच्या पोरीची मिनिटं मोजली जातात, हाच माझ्या मते तिचा मोठा सन्मान आहे. न मोजलेल्या गोष्टीवर भांडताही येत नाही.

व्यावसायिक खेळात तर ही मोजणी छापून येते. एनबीएच्या सामन्याचा तक्ता बघा: नावापुढचा पहिलाच रकाना मिनिटांचा, गुण त्याच्या नंतर. जो अजिबात उतरला नाही त्याच्यापुढे 'खेळला नाही, प्रशिक्षकाचा निर्णय' असं स्पष्ट लिहितात. निकाल लागून गेल्यावर शेवटची दोन-तीन मिनिटं राखीव खेळाडूंना देतात, त्या वेळेला इथे 'गार्बेज टाइम' म्हणतात. कचऱ्याचा वेळ. शब्द क्रूर आहे, पण खरा आहे. आमच्या पोरीला आजवर बहुतेक तोच मिळाला.

पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेणारी आणि कुणी कुठे पळायचं हे ठरवणारी. वऱ्हाडातल्या वाचकाला मी हे विकेटकीपरवरून सांगेन. गोलंदाज पाच लागतात, फलंदाज पाच, कीपर एकच. सगळं मैदान त्याच्या समोर, आणि त्या जागेवर दुसरा मावत नाही. म्हणून दुसऱ्या कीपरची स्थिती संघात सगळ्यांत अवघड असते. दुसऱ्या पॉइंट गार्डचं तसंच. तिच्याआधीची जखमी होईल किंवा चुकेल, तेव्हाच तिचा दिवस उजाडणार. चांगल्या स्वभावाच्या पोरीला अशी वाट बघत बसणं किती जड जात असेल!

अमरावतीत हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. विकेटकीपर जितेश शर्मा तिथलाच. २०१७मध्ये तो मुंबई इंडियन्सच्या ताफ्यात होता, पण एकही सामना त्याला मिळाला नाही. आयपीएलमधला पहिला सामना तो खेळला २०२२मध्ये, पंजाबकडून, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. आणि २७ मे २०२५ला लखनऊत बेंगळुरूचं कर्णधारपद सांभाळत २२८ धावांचा पाठलाग करताना ३३ चेंडूंत नाबाद ८५. त्या रात्री इथे सकाळ होती. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभा होतो आणि चहा उतू गेला. आनंद झालाच, पण मधल्या वर्षांचा हिशेब मला अजून लागत नाही. जितेशची चिकाटी सांगून लोक मुलांना 'बसून राहा, दिवस येईल' असं शिकवतात. मला त्यातून उलटं दिसतं. हा खेळाडू मिळाला तो त्याला कुणीतरी फलंदाजीला पाठवलं म्हणून. बसवून ठेवल्यानं तो घडला, असं म्हणायला काही आधार नाही.

अकोल्याचं उदाहरण याच्या दुसऱ्या बाजूचं आहे. गोलंदाज आदित्य ठाकरे १९ वर्षांचा होता आणि त्याचं रणजी पदार्पण झालं ते थेट अंतिम सामन्यात, डिसेंबर २०१७मध्ये इंदूरला, दिल्लीविरुद्ध. विदर्भाचं ते पहिलं रणजी विजेतेपद. सगळ्यांत मोठ्या दिवशी सगळ्यांत कोवळ्या पोराच्या हातात चेंडू द्यायला निवडणाऱ्यांची छाती लागते.

आता ज्या गावातून लिहितो आहे त्याची गोष्ट. सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी, पण मोठ्या लीगमधला बास्केटबॉलचा एकच संघ या शहराला आपला वाटतो: किंग्ज. २०१३मध्ये तो सिअ‍ॅटलला जाणार अशी वेळ आली होती, तेव्हा विकत घेऊन तो इथे ठेवणाऱ्या गटाचे प्रमुख होते विवेक रणदिवे. मुंबईत वाढलेले, आणि एनबीए संघाचे भारतात जन्मलेले पहिले प्रमुख मालक. त्याच्याही आधी हे गृहस्थ आपल्या मुलीच्या शाळकरी वयाच्या संघाचे प्रशिक्षक होते. बहुतेक पोरींना उंचीही नव्हती आणि नेमबाजीही. मग त्यांनी एकच डाव सामनाभर लावला: फुल कोर्ट प्रेस. समोरच्यांनी चेंडू हातात घेतला की लगेच, त्यांच्याच टोकाला, अंगावर जायचं आणि चेंडू पुढे येऊच द्यायचा नाही. या डावावर तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९मध्ये न्यूयॉर्कर मासिकात त्यावर लिहिलं आणि तो संघ देशभर माहीत झाला.

पण त्याच मालकाच्या काळात किंग्जच्या हातून पॉइंट गार्ड मात्र निसटत राहिले. आयझया थॉमस पाच फूट नऊ इंचांचा. एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या २०११च्या निवडीत साठ जणांत साठावा. किंग्जकडे बाकावरून सुरुवात करून तो २०१३-१४मध्ये सामन्याला वीस गुणांवर पोचला, आणि त्याच उन्हाळ्यात त्याला फिनिक्सला जाऊ दिलं. पुढे बॉस्टनमध्ये २०१६-१७च्या मोसमात त्याची सरासरी २८.९ होती.

टायरीस हॅलिबर्टनची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, म्हणून ती मला जास्त महत्त्वाची वाटते. २०२०मध्ये तो बाराव्या क्रमांकावर किंग्जकडे आला तेव्हा डी'एरन फॉक्स पहिल्या पसंतीचा पॉइंट गार्ड होता आणि त्याच सुमारास त्याच्याशी पाच वर्षांचा मोठा करार झाला होता. हॅलिबर्टन पहिल्या मोसमात ५८ सामने खेळला, त्यांतल्या २०मध्येच सुरुवातीच्या पाचांत होता. मिनिटं त्याला कमी नव्हती, सामन्याला तीसेक. पण चेंडू फॉक्सचा होता. फेब्रुवारी २०२२मध्ये किंग्जनं त्याला इंडियानाला देऊन डोमांटास सबोनिस घेतला. गाव हळहळलं. पुढच्याच मोसमात किंग्ज ४८ सामने जिंकले आणि सोळा मोसमांनंतर बाद फेरीत गेले; प्रत्येक विजयानंतर मैदानाच्या छपरावरून जांभळा झोत आकाशात सोडायची रीत तेव्हापासूनची. तिकडे इंडियानात हॅलिबर्टनच्या हाती चेंडू आला आणि २०२३-२४मध्ये त्यानं सामन्याला १०.९ असिस्ट, म्हणजे बास्केट घडवणारे पास, दिले, लीगमध्ये सर्वाधिक. २०२५मध्ये त्यानं तो संघ अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत नेला. त्या सामन्यात त्याच्या टाचेची शीर तुटली, आणि मग बाकावरून आलेल्या टी. जे. मॅककॉनेलनं १६ गुण करून झुंज दिली. मॅककॉनेल २०१५च्या निवडीत कुणालाच नको होता. फॉक्सही २०२५मध्ये किंग्ज सोडून सॅन अँटोनियोला गेला, आणि त्या संघानं काही महिन्यांत डिलन हार्पर हा आणखी एक कोवळा गार्ड निवडला. म्हणजे आता तोच प्रश्न तिकडे.

यावरून किंग्ज चुकले असं मी म्हणणार नाही. जागा देता येत नव्हती तर त्यांनी त्याला सोडलं, आणि दोन्ही घरं उजळली. बसवून ठेवलं असतं तर एकही उजळलं नसतं. मला हे बोलणं भाग आहे, कारण मी स्वतः अमरावतीत कॉलेजच्या खो-खो संघात दोन वर्षं राखीव होतो आणि एकदाही मैदानात उतरलो नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गावात, जिथल्या पथकानं १९३६ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ जगाला दाखवले, तिथे राखीव म्हणून नाव लागणंही घरी अभिमानाचं होतं. पण खो-खोत जो नवांत आला त्याला तीन-तीनच्या तुकडीतून कधीतरी पळावंच लागतं. खेळाचा नियमच त्याला लपू देत नाही. नवांच्या बाहेरच्यासाठी असा नियम नाही. आपल्याला काय जमलं असतं हे मला आजही माहीत नाही, आणि पन्नाशी ओलांडल्यावर ते कळायचा मार्गही उरलेला नाही.

म्हणून शेजारच्या पोरीबद्दल माझं मत पक्कं आहे. बत्तीसपैकी आठ मिनिटं तिची. आणि ती शेवटची नकोत. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला हवीत, निकाल उघडा असताना, सोबत पहिल्या फळीतल्या तीन जणी असताना. तिच्याहून वरचढ जी आहे ती बारावीत आहे, तिचा हा शेवटचा मोसम. तिला बसवा असं मी म्हणत नाही, तो तिचा हक्क आहे. प्रशिक्षकांची भीती वेगळी आहे आणि ती खोटी नाही. त्या शुक्रवारी पहिलीचे चार फाऊल झाले म्हणून पोरगी आत गेली. समोरच्या संघानं ताबडतोब प्रेस लावला. दोनदा चेंडू गेला, दोनदा त्यांची बास्केट झाली, आणि दीड मिनिटांत ती परत बाकावर आली. पण प्रेस सरावात शिकता येत नाही. सरावात अंगावर येतात त्या मैत्रिणी असतात. अनोळखी पोरी, ओरडणारं छप्पर आणि पळतं घड्याळ हे सामन्यातच भेटतं. जेरेमी लिन २०१२च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला बाकावरून उठला आणि सलग सात विजय मिळवून देणारा ठरला. त्या दिवसांत चेंडू गमवायच्याही त्याच्या चुका खूप होत्या. प्रशिक्षकांनी चुका मोजल्या, पण त्याला बसवलं नाही.

पोरीच्या वडिलांना प्रशिक्षकांशी बोलायचं होतं. इथे त्याचीही रीत आहे. सामन्यानंतर चोवीस तास पालकांनी बोलायचं नाही, राग निवू द्यायचा, असं मोसमाच्या आरंभीच्या सभेत बजावतात. मिनिटांबद्दल तर पालकांशी चर्चाच होणार नाही, असंही बरेच प्रशिक्षक सांगून टाकतात. विचारायचं असेल तर मुलीनं स्वतः विचारावं. पहिल्यांदा मला हा उद्धटपणा वाटला होता. आता ही या देशाची सगळ्यांत चांगली सवय वाटते. आपल्याकडे पंधरा वर्षांची पोर मास्तरांसमोर उभी राहून 'मला जास्त का खेळवत नाही' असं विचारेल, तर ते घरी कळवलं जाईल.

पोरगी सोमवारी एकटी गेली. पाच मिनिटांत बाहेर आली. डावा हात कच्चा आहे, प्रेसमध्ये सगळ्या तुला उजवीकडे कोंडतात, असं प्रशिक्षकांनी सांगितलं. उत्तर मिळालं, आणि उत्तरात काम होतं. तेव्हापासून रोज अंधार पडल्यावर त्यांच्या गॅरेजसमोर चेंडू आपटल्याचा आवाज येतो. उजवा हात कमरेमागे, बाहेर दाट धुकं. आजी शाल पांघरून दारात उभ्या असतात.

अकोल्याहून येताना त्यांनी कालनिर्णय आणलं आहे. दुधाचा हिशेब इथे लिहायचा नाही, म्हणून सामन्याच्या दिवसाच्या चौकोनात त्या पेन्सिलीनं नातीची मिनिटं लिहितात. बरेच चौकोन एक, दीड, शून्य असे आहेत. परवाच्या मंगळवारी दुसऱ्या भागात पोरगी उतरली. एकदा चेंडू गेला, पण तिला बाहेर काढलं नाही, आणि पुढच्याच वेळी ती डाव्या हातानं दोघींच्या मधून निघून गेली. त्या चौकोनात आजीनं 'चार' असं अक्षरी लिहिलं आहे.