गणित संपले, तरी डाव बाकी होता!

चेन्नई शहरातून नैऋत्येकडे चाळीस-पन्नास किलोमीटर गेले की ओरगडम लागते. कांचीपुरम जिल्ह्यातले, वंडलूर-वालाजाबाद रस्त्यावरचे हे एके काळचे साधे गाव. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या लांबच लांब भिंती आहेत. रेनॉ-निस्सानचा मोटारींचा कारखाना इथे २०१० साली सुरू झाला, ‘भारतबेंझ’ ट्रकचा २०१२ साली, तर रॉयल एनफिल्डच्या मोटारसायकली २०१३ पासून इथे बनू लागल्या. पाळी सुटली की कंपनीच्या बसगाड्यांची रांग लागते आणि चहाच्या टपऱ्यांवर एकच गर्दी उसळते. एप्रिल-मे महिन्यांत त्या गर्दीत बोलण्याचा विषय कोणता असेल, हे सांगायला हवे का? चेन्नई सुपर किंग्ज!

कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला ‘टार्गेट’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. महिन्याच्या सुरुवातीला आकडा ठरतो. मध्येच एखादे यंत्र बंद पडते, सुटा भाग वेळेवर येत नाही, आकडा मागे पडतो. ‘उरलेल्या दिवसांत भरून काढू,’ असे सगळे एकमेकांना सांगतात आणि बऱ्याचदा भरूनही काढतात. पण एक दिवस असा येतो की, तिन्ही पाळ्या न थांबता चालवल्या तरी तो आकडा गाठता येणार नसतो. त्या दिवशी भोंगा वाजत नाही. ज्याला हिशेब कळतो त्याला ते आपोआप उमगते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये चेन्नईच्या पाठीराख्यांवर नेमकी हीच पाळी आली.

दोन गुणांचा हिशेब

आयपीएलचा हिशेब वरवर सोपा आहे. दहा संघ, प्रत्येकाचे चौदा साखळी सामने. जिंकलेल्या सामन्याला दोन गुण. पहिले चार संघ प्ले-ऑफमध्ये जातात. साधारणपणे सोळा गुण, म्हणजे आठ विजय मिळाले की जागा जवळजवळ पक्की समजतात. चौदा गुणांवरही कधी कधी निभावते, पण मग नेट रन रेटच्या दशांश चिन्हानंतरचे आकडे मोजत बसावे लागते.

म्हणूनच मोसमाच्या मध्यावर घरोघरी वही-पेन्सिल निघते. ‘आपण इतके जिंकायचे, अमक्याने तमक्याला हरवायचे आणि पावसाने एक सामना धुऊन न्यायचा...’ हे गणित ज्याने कधी मांडले नाही, तो क्रिकेटवेडा कसला!

आणि हे गणित वेडेपणाचेच असते असेही नाही. २०१५ साली मुंबई इंडियन्सने पहिल्या सहा सामन्यांत एकच विजय मिळवला होता. त्याच वर्षी चषक मुंबईने उचलला. २०२४ साली बंगळुरूने पहिल्या आठपैकी सात सामने गमावले, मग सलग सहा जिंकले. शेवटचा विजय चेन्नईविरुद्धच होता. चौदा-चौदा गुण दोघांचेही झाले, पण रन रेटवर बंगळुरू आत गेले आणि चेन्नई बाहेर राहिली.

चेन्नईचा स्वतःचा अनुभवही होताच. २०१० साली मोसमाच्या मध्यावर संघ असाच घसरला होता. धरमशालाच्या शेवटच्या साखळी सामन्यात पंजाबविरुद्ध अखेरच्या षटकात १६ धावा हव्या होत्या. महेंद्रसिंग धोनीने इरफान पठाणला लागोपाठ दोन षटकार ठोकून दोन चेंडू राखून सामना काढला. सात विजय, सात पराभव अशा काठावरच्या हिशेबावर संघ पुढे गेला आणि आठवड्याभरात नवी मुंबईत मुंबईलाच हरवून त्याने पहिले विजेतेपद पटकावले. असा इतिहास पाठीशी असल्यावर कोण आशा सोडील?

पाच सामने, पाच पराभव

२०२५ ची सुरुवात झकास झाली होती. २३ मार्चला चेपॉकवर मुंबईला चार गडी राखून हरवले. कर्णधार ऋतुराज गायकवाडने अर्धशतक काढले, नूर अहमदने १८ धावांत चार बळी घेतले. पिवळे सदरे घालून आलेली मंडळी शिट्ट्या वाजवत घरी गेली.

मग घसरण सुरू झाली. बंगळुरूने चेपॉकवर ५० धावांनी हरवले. २००८ नंतर प्रथमच त्यांनी तिथे विजय मिळवला होता. गुवाहाटीत राजस्थानकडून सहा धावांनी हार. चेपॉकवर दिल्लीकडून २५ धावांनी. मुल्लनपूरला पंजाबकडून १८ धावांनी. या चारही सामन्यांत चेन्नईने पाठलाग केला होता. लक्ष्य होते १९७, १८३, १८४ आणि २२०. एकही गाठता आले नाही.

पाचवा घाव सर्वांत खोल होता. ११ एप्रिलला घरच्या मैदानावर कोलकात्याविरुद्ध २० षटकांत ९ बाद १०३. कोलकात्याने ते १०.१ षटकांतच संपवले. एकाच मोसमात सलग पाच पराभव चेन्नईच्या वाट्याला यापूर्वी कधीच आले नव्हते. पाच वेळा चषक जिंकलेला हा संघ!

कारणे शोधायला पंडित लागत नव्हते. पहिल्या सहा षटकांत इतर संघ साठ-सत्तर धावा लुटत असताना चेन्नईचे फलंदाज चाचपडत होते. चेपॉकच्या ज्या संथ खेळपट्टीवर पाहुण्यांची भंबेरी उडायची, तिथे आता पाहुणेच सुखाने नांदत होते. काळ बदलला होता, चेन्नईची खेळण्याची पद्धत मात्र तीच होती. जुन्या साच्यावर नवे मॉडेल काढायला गेले तर काय होते, हे ओरगडमच्या कारागिराला वेगळे सांगायला नको.

कोपराला लागलेला चेंडू

त्यातच कर्णधार गेला. गुवाहाटीच्या सामन्यात तुषार देशपांडेचा एक चेंडू ऋतुराजच्या कोपरावर आदळला. कल्याणचा हा तुषार आदल्या मोसमापर्यंत चेन्नईकडूनच खेळत होता! ऋतुराज त्यानंतर दोन सामने खेळला, पण हाडाला बारीक तडा गेल्याचे निष्पन्न झाले आणि १० एप्रिलला तो पूर्ण मोसमाला मुकल्याचे जाहीर झाले. ४३ वर्षांच्या धोनीने पुन्हा सूत्रे हाती घेतली.

नोकरीनिमित्त ओरगडमला आलेल्या मराठी माणसाला ही बातमी जरा जास्तच लागावी. एरवी त्याच्यापुढे पेच असतो, मुंबईच्या बाजूने ओरडायचे की चेन्नईच्या? मुले शाळेतल्या मित्रांबरोबर पिवळी होऊन जातात, वडील निळे राहतात आणि आई दोघांना जेवायला बोलावून थकते. ऋतुराजने हा पेच थोडा हलका केला होता. तो पिंपरी-चिंचवडचा. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत त्याचा खेळ घडला. म्हणजे ओरगडमसारख्याच, भोंग्यावर उठणाऱ्या आणि पाळीवर झोपणाऱ्या गावाचा मुलगा चेन्नईचा कर्णधार झाला होता.

हिशेब बंद झाला

१४ एप्रिलला लखनौमध्ये धोनीने ११ चेंडूंत नाबाद २६ धावा करून सामना जिंकून दिला आणि वह्या पुन्हा उघडल्या. पण सहाच दिवसांनी वानखेडेवर मुंबईने १७७ चे लक्ष्य १५.४ षटकांत एकच गडी गमावून पार केले. आठ सामने, चार गुण. उरलेले सहाही जिंकले असते तर सोळा. २५ एप्रिलला हैदराबादनेही चेपॉकवर हरवले. आता पाचही जिंकले तरी चौदाच. ३० एप्रिलला पंजाबचा सामना आला. सॅम करनने ८८ धावा काढल्या, पण युजवेंद्र चहलने एकाच षटकात हॅटट्रिकसह चार बळी टिपले. १९० धावा पुऱ्या पडल्या नाहीत. चार सामने शिल्लक आणि जास्तीत जास्त बारा गुण शक्य. वही मिटली.

आता सांगा, उरलेल्या चार सामन्यांचे करायचे काय?

अमेरिकेत बेसबॉलच्या संघांपुढे हा प्रश्न दरवर्षी येतो. त्यांचा मोसम तब्बल १६२ सामन्यांचा. जुलै सरता सरता प्रत्येक संघाला मनाशी ठरवावे लागते की, आपण अजून शर्यतीत आहोत की नाही. नसलो, तर नावाजलेले खेळाडू दुसऱ्या संघाला द्यायचे, बदल्यात होतकरू पोरे घ्यायची आणि उरलेल्या सामन्यांत त्यांना घडवायचे. आयपीएलमध्ये भर मोसमात असा बाजार भरत नाही. जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घेता येतो, इतकेच. पण चेन्नईने तेवढ्या फटीतूनही उजेड आत आणला.

विरारचा आयुष

ऋतुराजच्या जागी त्यांनी घेतला आयुष म्हात्रे. विरारचा, १७ वर्षांचा. योगायोग पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईकडून रणजी सामन्यात आयुषने १७६ धावा काढल्या होत्या, त्या महाराष्ट्राविरुद्ध. आणि महाराष्ट्राचा कर्णधार होता ऋतुराज गायकवाड! ज्याच्या संघाला त्याने झोडपले, त्याच्याच जागी तो चेन्नईला आला.

२० एप्रिलला वानखेडेवर तो पहिल्यांदा पिवळ्या कपड्यांत उतरला. चेन्नईकडून खेळणारा तो आजवरचा सर्वांत लहान खेळाडू ठरला. १५ चेंडूंत ३२ धावा. ज्या संघाला पहिल्या सहा षटकांत चेंडू सीमेपार धाडणारा माणूस मिळत नव्हता, त्याला तो विरार लोकलच्या गावाने दिला.

३ मेचा सामना तर अजून डोळ्यांसमोरून जात नाही. चेन्नई तोवर स्पर्धेबाहेर पडलेली होती, बंगळुरूने २१३ धावा केलेल्या. आयुषने भुवनेश्वर कुमारच्या एका षटकात २६ धावा लुटल्या. ४८ चेंडूंत ९४ धावा करून तो बाद झाला. शतक सहा धावांनी हुकले आणि सामना दोन धावांनी. गुणतक्त्याच्या दृष्टीने त्या सामन्याला चेन्नईसाठी काडीचीही किंमत नव्हती. पण टीव्हीसमोर कुणी उठून गेले नाही!

सात सामन्यांत आयुषच्या २४० धावा झाल्या. मोसम संपण्यापूर्वीच इंग्लंड दौऱ्यासाठी १९ वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार म्हणून त्याची निवड जाहीर झाली होती.

प्रश्न असा की, चेन्नई जिंकत असती आणि कर्णधार धडधाकट असता, तर या पोराला संधी मिळाली असती का?

हे आधीही घडले होते

चेन्नईच्या जुन्या पाठीराख्यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असायला हवे. कोरोनामुळे २०२० ची स्पर्धा संयुक्त अरब अमिरातीत झाली आणि त्या वर्षी चेन्नई पहिल्यांदाच प्ले-ऑफपासून वंचित राहिली. संघात एक तरुण फलंदाज होता. त्याला स्वतःलाच कोरोना झाला होता, कित्येक दिवस तो एकटा खोलीत अडकून पडला होता. पहिल्या तीन डावांत त्याच्या धावा होत्या शून्य, पाच आणि शून्य. २५ ऑक्टोबरला त्याने बंगळुरूविरुद्ध नाबाद ६५ काढल्या आणि त्याच दिवशी दुसऱ्या सामन्याच्या निकालाने चेन्नईचे उरलेसुरले गणितही संपले. मग पुढच्या दोन सामन्यांत ७२ आणि नाबाद ६२. तिन्ही सामने चेन्नईने जिंकले, तिन्हींत सामनावीर तोच.

तो होता ऋतुराज गायकवाड. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, ६३५ धावा करून तो स्पर्धेत अव्वल ठरला आणि चषक चेन्नईने जिंकला. २०२४ साली धोनीने कर्णधारपद सोडले, तेव्हा ते त्याच्याकडे आले.

म्हणजे आशा मावळल्यानंतरच्या सामन्यांनी चेन्नईला एकदा ऋतुराज दिला आणि त्याच ऋतुराजच्या रिकाम्या जागेवर दुसऱ्यांदा आयुष दिला. दोघेही आपल्याकडचे, हा मराठी वाचकाला वरचा बोनस!

याचा अर्थ हरणे चांगले, असा मुळीच नाही. पराभव हा पराभवच. २०२५ साली चेन्नई प्रथमच तळाला, दहाव्या क्रमांकावर राहिली. चार विजय, दहा पराभव. तिकिटासाठी पदरमोड करून, पन्नास किलोमीटरचा प्रवास करून चेपॉकला गेलेल्या कामगाराला त्या सहा घरच्या सामन्यांत एकच विजय पाहायला मिळाला. त्याच्या हळहळीवर ‘तरुणांना संधी मिळाली’ ही फुंकर पुरेशी नाही.

पण आपल्या घरांतही मध्यावर हिशेब चुकतोच ना? पूर्वपरीक्षेत मुलाला कमी गुण पडतात आणि ‘आता काय उपयोग’ म्हणून घरभर सुतक पसरते. ठरवलेला आकडा गाठता येणार नाही, हे एकदा मान्य केले की उरलेले दिवस वाया गेले असे आपण धरून चालतो. खरे तर धास्ती संपलेली असते, नवे काही करून पाहायला मोकळीक असते.

शिवाय आपल्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा दिवस दुसऱ्या कुणासाठी महत्त्वाचा असतोच. २५ मे २०२५. चेन्नईचा शेवटचा सामना अहमदाबादला, गुणतक्त्यात सर्वांत वर असलेल्या गुजरातशी. गुजरात जिंकले असते तर पहिल्या दोघांत त्यांची जागा पक्की होती आणि अंतिम फेरी गाठायला दोन संधी मिळाल्या असत्या. चेन्नईला मिळवायचे काहीच नव्हते. आयुषने १७ चेंडूंत ३४ काढून वाट मोकळी केली, डेवाल्ड ब्रेव्हिसने २३ चेंडूंत ५७ फटकावल्या. २३० धावा झाल्या आणि गुजरात १४७ मध्ये गारद! गुजरात तिसऱ्या क्रमांकावर घसरले आणि ३० मे रोजी बाद सामन्यात मुंबईकडून हरून घरी गेले.

दहाव्या क्रमांकाच्या संघाने पहिल्या क्रमांकाच्या संघाचे गणित बिघडवले, तेही स्वतःचे गणित संपल्यानंतर पंचवीस दिवसांनी.