पडदा काळा कां राहतो?

श्रोतेहो, अहिल्यानगरहून पाथर्डीस जातांना वाटेंत तिसगाव लागतें. तेथील एखाद्या दुकानदारानें भाव दाखविण्यासाठीं तळहाताएवढ्या संगणक-बोर्डास पडदा जोडला आहे, अशी कल्पना करा. वीज येते, बोर्डावरील दिवा लुकलुकतो. पडदा मात्र काळाच! "बोर्ड जळाला" म्हणून तो टाकून देण्याचा मोह होतो. पण थांबा. पुष्कळदां दोष वस्तूंत नसून त्यांच्या परस्परांतील बोलण्यांत असतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेली लिनक्स प्रणाली अशा बोर्डावर स्वतः होऊन जागी होत नाहीं. तिला स्मृतींत आणून बसविणारा एक लहानसा प्रोग्राम आधीं चालतो. त्यास बूटलोडर म्हणतात. 'यू-बूट' हा त्यांतील फार प्रचलित. तो लिनक्सच्या गाभ्याच्या हातीं एक चिठ्ठी देतो; तिचें नांव 'बूटआर्ग्ज'. मूळ फाइलींचा सांठा कोठें आहे, संदेश कोठें पाठवावयाचे, हें त्या चिठ्ठींत असतें. पडद्याचें मापहि तींत लिहितां येतें.

एरवीं पडदा आपलीं मापें तारेंतून स्वतःच कळवितो. परंतु जुना पडदा किंवा मधला हलका जोड हा निरोप पोंचूं देत नाहीं. मग बोर्ड न पेलणारें चित्र पाठवितो, किंवा पडदा नाहींच असें समजून गप्प बसतो. १९२० बाय १०८० या मापास सेकंदाला ६० चित्रें, म्हणजे १२,४४,१६,००० बिंदु लागतात. १२८० बाय ७२० ला ५,५२,९६,००० पुरतात. म्हणून लहान मापानें आरंभ करणें शहाणपणाचें.

कृति अशी. दुसरा संगणक सीरियल तारेनें बोर्डास जोडावा. वेग बहुधा १,१५,२०० असतो. वीज देतांच उलट गणती सुरू होते. ती संपण्यापूर्वीं कळ दाबावी. 'प्रिंटएन्व्ह' या आज्ञेनें जुनी चिठ्ठी वाचून उतरून घ्यावी. 'सेटएन्व्ह'नें तिच्या शेवटीं 'व्हिडिओ', बरोबरचें चिन्ह, जोडणीचें नांव, अपूर्णविराम, मग रुंदी, एक्स, उंची, 'ॲट'चें चिन्ह व ६० हा आंकडा जोडावा. शेवटीं 'ई' हें रोमन अक्षर घातल्यास निरोप न येतांहि जोडणी चालू राहते. जुना मजकूर मात्र पुसूं नये. तो गेला तर लिनक्सला आपलें घरच सांपडत नाहीं!

आतां 'बूट' म्हणावें. पडदा उजळला, तरच पुढील खेपेस तीच ओळ पुन्हां लिहून 'सेव्हएन्व्ह'नें कायम करावी. कायम न केलेली चूक वीज जातांच आपोआप विसरली जाते. आपल्या गांवांतील वीज जाण्याचा असाहि एक उपयोग! कांहीं बोर्डांवर ही चिठ्ठी दर वेळीं एखाद्या फाइलींतून नव्यानें तयार होते. तेथें ती फाइलच बदलावी लागते. रास्पबेरी पायवर तिचें नांव 'सीएमडीलाइन' असून तिचा सारा मजकूर एकाच ओळींत ठेवावा लागतो.

श्रोतेहो, काळा पडदा म्हणजे मेलेलें यंत्र नव्हे. ती वस्तु फेंकण्यापूर्वीं तिच्या हातीं कोणती चिठ्ठी दिली आहे, एवढें एकदां वाचून पाहावें.