शेजारचं बांधकाम आपल्या हद्दीत येतंय? हरकत कुठं आणि कशी घ्यायची, समजून घ्या

कापूस-तूर विकून झाली, घरकुलाचा हप्ता खात्यात पडला की मार्च-एप्रिलमध्ये अमरावती-अकोल्याच्या गावागावात पाये खोदणं सुरू होतं. पावसाळ्याच्या आत स्लॅब टाकायची सगळ्यांनाच घाई. भांडणंही याच दिवसांत लागतात. कोणाचा पाया दोन फूट इकडं सरकतो, कोणाचा छज्जा बोळावर येतो, तर कोणाच्या न्हाणीचं पाणी दुसऱ्याच्या भिंतीत मुरतं. मग एकच प्रश्न ऐकू येतो, "ग्रामपंचायतनं परवानगी देल्ली कशी? आमाले काहून नाही इचारलं?"

याचं उत्तर बऱ्याच जणांना माहीत नसतं. इंग्लंडमध्ये कोणी घर वाढवायचा अर्ज केला तर तिथली पालिका शेजाऱ्यांना कळवते आणि म्हणणं मांडायला साधारण 21 दिवस देते. आपल्या गावात अशी नोटीस कोणी घरी आणून देत नाही. आपली हरकत आपणच, वेळेवर आणि लेखी द्यावी लागते.

परवानगीचा नियम काय आहे?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 मध्ये गावातल्या बांधकामाला ग्रामपंचायतीची परवानगी सांगितली आहे. पण फेब्रुवारी 2021 मध्ये ग्रामविकास विभागानं नियम सोपे केले. 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधायचं असेल तर मालकीचे कागद, मोजणी नकाशा, घराचा नकाशा आणि तो नियमात असल्याचं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत जमा करायचं. वेगळ्या परवानगीची गरज नाही. 1600 ते 3200 चौरस फुटांपर्यंत शुल्क भरून ग्रामपंचायतीकडूनच काम होतं. त्याच्या वर गेलं तर नगररचना विभागाकडे जावं लागतं.

गावठाणातली बरीचशी घरं 1600 च्या आतच बसतात. म्हणून "परवानगी देऊ नका" एवढंच लिहिलेल्या अर्जाचा फारसा उपयोग होत नाही. शेजाऱ्यानं कोणते कागद जमा केले ते मात्र पाहता येतं. माहिती अधिकारात 10 रुपयांचं तिकीट लावून अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, परवानगी म्हणजे मालकी नाही. कागद जमा झाले म्हणून तुमची जागा शेजाऱ्याची होत नाही.

आधी ठरवा, तक्रार नेमकी कशाची?

1) हद्दीची. पाया तुमच्या जागेत येत असेल तर पहिलं काम मोजणीचं. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरा. स्वामित्व योजनेत ज्या गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली, तिथं नकाशा आणि मालमत्ता पत्रक म्हणजे आखीव पत्रिका मिळते. मिळाली नसेल तर जुन्या खरेदीखतातल्या चतुःसीमा काढून ठेवा. नुसत्या नमुना 8 वर विसंबू नका. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही.

2) रस्ता, बोळ, नालीची. सार्वजनिक जागेवर ओटा, पायऱ्या किंवा भिंत आली तर कलम 53 लागू होतं. अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. तिनं काही केलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अतिक्रमण करणारा ग्रामपंचायत सदस्य असेल तर कलम 14 खाली त्याचं पदही जाऊ शकतं. घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणात सदस्य स्वतः राहत असेल तरी तो अपात्र ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये जनाबाई प्रकरणात सांगितलं.

3) उजेड, वारा, पाणी, जाण्यायेण्याची. खिडकीचा उजेड, कवेलूच्या पागोळ्या पडायची जागा, परसात जायची वाट अशी वहिवाट 20 वर्षं उघडपणे, विनाअडथळा, हक्कानं चालू असेल तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं ती राखता येते. पण अडवल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा टाकावा लागतो. हा निकाल ग्रामपंचायत देत नाही, दिवाणी न्यायालय देतं.

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या पूर्णेच्या पट्ट्यात आणखी एक धोका आहे. इथली काळी जमीन खोल, पाण्यानं फुगते अन् उन्हानं भेगाळते. म्हणून पाया खोल घ्यावा लागतो. पण जुन्या मातीच्या भिंतीला लागून चर खोदला आणि त्यात अवकाळीचं पाणी भरलं तर ती भिंत खचते. जुन्या घराला शेजारच्या जमिनीचा आधार असणं हाही 20 वर्षांनी मिळणारा हक्कच आहे. अशा वेळी खोदकाम थोडं थोडं करा, भिंतीला टेकू द्या, असं लेखी कळवा. भिंतीचे फोटो खोदकामाआधीच काढून ठेवा.

अर्ज असा लिहा

"प्रति, सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी. विषय: घर क्रमांक ... च्या बांधकामाबाबत हरकत. माझ्या घराच्या पूर्व बाजूस दिनांक ... पासून पाया खोदणे सुरू आहे. हा पाया सार्वजनिक नालीवर अंदाजे ... फूट आला आहे. जागेची पाहणी करून पंचनामा करावा, जमा केलेला नकाशा तपासावा आणि कलम 53 नुसार कारवाई करावी. सोबत: फोटो, मालमत्ता पत्रकाची प्रत."

अर्जात शिवीगाळ नको, जुनं भांडण नको. फुटांत मोजमाप द्या. फोटोत विजेचा खांब किंवा हातपंप अशी न हलणारी खूण येऊ द्या. एक प्रत आवक क्रमांक आणि शिक्क्यासह परत घ्या. अर्ज घेतला नाही तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. दखल घेतली नाही तर तीच प्रत जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे जा.

अचलपूर, दर्यापूर, अकोट अशा नगरपरिषदेच्या हद्दीत अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे द्यायचा. विनापरवाना चालू काम थांबवायची नोटीस नगररचना कायदा 1966 च्या कलम 54 खाली निघते. शेताचा रस्ता अडवला असेल तर मामलतदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे अर्ज करता येतो.

स्लॅब पडायच्या आत

हद्दीचा किंवा वहिवाटीचा वाद असेल आणि काम थांबत नसेल तर दिवाणी न्यायालयात तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. इथं वेळ फार महत्त्वाची. पाया खोदताना आलेल्या माणसाचं म्हणणं न्यायालय वेगळ्या नजरेनं पाहतं. घर उभं झाल्यावर आलेल्याला "इतके दिवस गप्प का?" हे विचारलं जातं, आणि पाडण्याऐवजी भरपाईवर भागायची वेळ येऊ शकते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पण कोर्टाच्या आधी एक पायरी आहे. शेजाऱ्याला घरी बोलवा, दोरी धरा, चार जाणत्या लोकांसमोर हद्द दाखवा. तंटामुक्त समिती चालू असेल तर तिथं विषय ठेवा. ठरलं ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. घरकुलाचे पैसे हप्त्याहप्त्यानं मिळतात, काम अडलं की पुढचा हप्ता अडतो. त्यामुळं नुसत्या रागापायी हरकत घेऊ नका. पण आपली भिंत, नाली, वाट खरंच जात असेल तर शेजारधर्म म्हणून गप्पही बसू नका. चर खोदलेला दिसला त्याच आठवड्यात अर्ज द्या.