अँटिऑक्सिडंट घेतल्याने आयुष्य वाढतं का? केळ्यावरची चिलटं काय सांगतात

ग्रीन टी, फेस क्रीम, व्हिटॅमिनच्या गोळ्या... 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द कुठे दिसत नाही? घ्या आणि तरुण राहा, असा एकूण दावा. तो तपासायला शास्त्रज्ञांना फार उपयोगी पडली ती पिकलेल्या केळ्याभोवती घिरट्या घालणारी चिलटं, म्हणजेच ड्रोसोफिला ही फळमाशी. तिचं अख्खं आयुष्य दोन-तीन महिन्यांचं, त्यामुळे म्हातारपण पाहायला वर्षानुवर्षं थांबावं लागत नाही.

मूळ कल्पना डेनहॅम हार्मन यांची, 1956 सालची. पेशीतले मायटोकॉन्ड्रिया अन्नापासून ऊर्जा तयार करतात, तेव्हा चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे ऑक्सिजनचे काही आक्रमक रेणू बाहेर पडतात. ते डीएनए आणि प्रथिनांना इजा करतात. ही इजा साठत जाते आणि आपण म्हातारे होतो, असं हार्मन यांचं म्हणणं. अँटिऑक्सिडंट या ठिणग्या विझवतात.

1994 मध्ये ऑर आणि सोहल यांनी अशा ठिणग्या विझवणाऱ्या दोन एन्झाइम्सची जादा जनुकं फळमाश्यांमध्ये घातली. माश्या एक तृतीयांशापर्यंत जास्त जगल्या! अर्थातच गाजावाजा झाला.

पण 2003 मध्ये याच संशोधकांच्या गटाने मुळातच दीर्घायुषी असलेल्या माश्या घेतल्या, आणि आयुष्य काही वाढलं नाही. आधीचा फायदा अल्पायुषी माश्यांपुरताच होता. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाची अशी उलटतपासणी करायला धाडस लागतं.

शिवाय ठिणग्या नुसत्या वाईटच नसतात. फळमाशीचं आतडं अन्नातले जंतू मारायला हेच रेणू मुद्दाम तयार करतं. ते बनवणारं एन्झाइम बंद पाडलं, तर माशी साध्या जंतूंनीही मरते.

मग अँटिऑक्सिडंट निरुपयोगी? तसंही नाही. 2020 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी माश्यांना झोपूच दिलं नाही. त्यांच्या आतड्यात हे रेणू साठले आणि त्या लवकर मेल्या. अँटिऑक्सिडंट दिल्यावर मात्र जागरण करूनही त्या जवळजवळ पूर्ण आयुष्य जगल्या. थोडक्यात, आग भडकली असेल तिथे पाणी कामाचं. पेटत्या चुलीवर ओतलं तर स्वयंपाकच थांबेल.

माणसांचं काय? फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. 1994 मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण 18 टक्क्यांनी जास्त होतं. गाजरातही बीटा कॅरोटीन असतंच, पण या गोळीतला रोजचा डोस जेवणातून मिळतो त्याच्या कितीतरी पट होता.