जुनी जीप, नवे पेट्रोल

"तुमच्या उसाच्या स्पिरिटने आमची जीप बसवली" असा टोमणा हल्ली पाहुण्यारावळ्यांकडून ऐकावा लागतो. बोलणारा अगदीच खोटा नसतो. इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या पहिल्या चाचण्या २००१ साली झाल्या, त्यांत आपल्याकडची मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. २०२२ साली हे प्रमाण १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ साली २० टक्क्यांवर. त्यात मक्याचे आणि तांदळाचेही इथेनॉल असते, पण बोट दाखवायचे झाले की ते उसाकडेच! म्हणून हा विषय आपण नीट समजून घेतलेला बरा.

महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. पुढे कित्येकांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले. पेट्रोलवरच्या ज्या उरल्या त्या हौसेने जपलेल्या आहेत. अशीच एक जीप आम्ही भाईंदर पश्चिमेला राई गावी, एका सभासदाच्या पाहुण्यांकडे पाहिली. तिकडे ऊस नाही. खाडी आणि मिठागरांचा मुलूख, हवा खारी व दमट. जीप पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी होती. दसऱ्याला पूजा करून सेल्फ मारला, तर दोन गचके देऊन बंद. मालकांनी प्लग बदलले, पॉइंट घासले, नवी बॅटरी आणली. पैसे गेले, गाडी जागची हलेना.

दुखणे दिसत होते ते पेट्रोल पंपाखालच्या काचेच्या वाटीत. वर पेट्रोल आणि खाली गढूळ थर. टाकीच्या टोपीचे पॅकिंग गेलेले, त्यातून पाणी झिरपले. साध्या पेट्रोलमध्ये पाणी निमूटपणे तळाशी बसते. इथेनॉल मात्र पाण्याला धरते. ठराविक मर्यादेपर्यंत ते पाणी जिरवते, ती ओलांडली की पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली उतरते. इंजिन ओढते ते तळचेच. इथेनॉल किती आहे हे पाहायचे असेल तर मोजपात्रात १०० मिली पेट्रोल आणि ५० मिली पाणी घालून हलवा व थांबू द्या. खालचा थर सुमारे ७० मिली भरला तर इथेनॉल २० टक्के समजावे. ते पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नका.

आता तपासणी. सेल्फ फिरतो पण इंजिन घेत नाही, तर प्लग काढून पाहा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही; ओला असेल तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय किंवा ठिणगी नाही. कोरडा निघाल्यास इग्निशनची वायर काढून ठेवा, कार्बोरेटरची नळी सोडून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. धार आली तर पंप ठीक. जवळ विडी-काडी नको, आणि इंजिन गार असू द्या. गाडी चार-पाच किलोमीटर जाऊन बंद पडत असेल, तर आधी टाकीची टोपी सैल करा. सुस्स आवाज येऊन गाडी चालू झाली, तर टोपीचे हवेचे भोक बुजलेले आहे. असल्या दोषापायी लोकांनी अख्खा पंप बदललेला आम्ही पाहिला आहे.

ओव्हरफ्लो होत असेल तर फ्लोट आणि सुई पाहा. फार जुन्या गाड्यांत बुचाचा फ्लोट असतो, त्यावर चपडा लाखेचा थर. सुतार स्पिरिटमध्ये हीच लाख विरघळवून पॉलिश करतो, तेव्हा इथेनॉलमध्ये तिचे काय होणार ते सांगायला नको. जुने रबर फुगते, भेगाळते. नळी घेताना तिच्यावर 'एस.ए.ई. जे३० आर९' असा छाप पाहून घ्या. पंपाचा पडदाही इथेनॉलला टिकणाराच मागा. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षांचा गाळ सोडवते आणि तो जेटमध्ये जाऊन बसतो. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठे होते. हवा मारा.

राईला टाकी धुतली, नळ्या, सुई आणि टोपीचे पॅकिंग बदलले, जेट फुंकले. इंजिन चालू झाले, पण चढाला फटफट करून गरम होऊ लागले. याचे कारण वेगळे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटमधून मिश्रण पातळ पडते. जाणत्या मिस्त्रीकडून एक नंबर मोठा मेन जेट बसवून प्लगचा रंग पाहावा. पांढरा असेल तर अजून पातळ, फिकट तपकिरी असेल तर बरोबर.

मायलेज मात्र पूर्वीचे येणार नाही, हे पाहुण्यांना मोकळेपणाने सांगा. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच उष्णता असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही, मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकींना २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घट धरली आहे. आणि मृग लागण्यापूर्वी टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवायला सांगा. तेवढे जमत नसेल तर टाकी गच्च भरून, टोपी घट्ट लावून ठेवा.