वाळूच्या दोन पाळ्या

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, अमावास्या, दुपारचे साडेबारा. एवढ्या उन्हात शहाणा माणूस सावली सोडत नाही. पण वेसाव्याच्या खाडीकाठी तीस-चाळीस जण कमरेएवढ्या पाण्यात दोराला हात घालून उभे होते. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती येते ती दुपारी बारा-एकच्या सुमारास, नाहीतर मध्यरात्री. होडी वाळूवर जितकी वर चढवता येईल तितकी चढवायची तर हाच मुहूर्त. ‘‘पाणी फुकट हमाली करतं ताई, पण त्याच्या सवडीनं,’’ नाखवा म्हणाला आणि पुन्हा दोराकडे वळला.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. मासळीच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, अशी दोन्ही कारणं त्यामागे आहेत. पूर्वी राज्याची बंदी नारळी पौर्णिमेला किंवा १५ ऑगस्टला, जे आधी येईल तेव्हा, उठत असे. बंदी म्हटली की आपण ताटातल्या पापलेटाचा विचार करतो. नाखव्यापुढचा प्रश्न वेगळा असतो: इतके दिवस होडी ठेवायची कुठे? मोठ्या बोटी खाडीत आतवर, एकमेकींना बांधून, नांगरावर राहतात. पण २५-३० फुटी होड्या काठावरच घ्याव्या लागतात. आणि हा काठ आहे अंधेरीच्या पश्चिमेला, जिथे स्कूटर लावण्यावरूनही भांडणं होतात.

भरतीच्या पाण्यावर होडी तरंगत आली. तिची नाळ वाळूला टेकताच दोन पोरांनी ग्रीस फासलेले ओंडके तळाखाली सरकवले. एकाने हाळी दिली, बाकीच्यांनी सूर धरला, आणि होडी हातभर वर सरकली. मागचा ओंडका मोकळा झाला की पोरगा तो उचलून धावत पुढे आणतो आणि पुन्हा तळाखाली घालतो. पाच-सहा ओंडक्यांवर अख्खी होडी चालते. आता ट्रॅक्टर येतो, क्रेनही मागवतात. ‘‘क्रेनला गल्ली पुरत नाही,’’ नाखवा म्हणाला. दोराला गल्ली आडवी येत नाही, म्हणून दोर टिकला आहे.

होडी वर आली म्हणजे काम निम्मंच झालं. आता ती लावायची. इथे पट्टे आखलेले नाहीत, पावत्या नाहीत, पण क्रम पक्का आहे. जी होडी आधी पाण्यात उतरणार, ती शेवटी वर चढणार. नाहीतर तिच्या वाटेत चार होड्या आडव्या. ज्या होडीचं मोठं काम निघालंय ती रस्त्याच्या बाजूला, म्हणजे मिस्त्रीला विजेची वायर पोचते. दोन होड्यांमध्ये किती अंतर सोडायचं, तर रंगाची बादली घेतलेला माणूस आडवा होऊन जाईल एवढं. दोन्ही बाजूंना टेकू लावून होडी स्थिर झाली की नाखवा तिला खांद्याने धक्का देऊन पाहतो. भुसभुशीत वाळूत पावसाने टेकू खचला तर कलणारी होडी शेजारचीलाही घेऊन पडते.

ही जागा आली कुठून, हे मला नाखव्याच्या बायकोकडून, मावशींकडून, कळलं. होडी चढायच्या आठवडाभर आधी मी आले होते तेव्हा याच वाळूवर मावशी बांबू उपटत होत्या. पावसाळा सोडून उरलेलं वर्ष इथे वलांडी उभ्या असतात. बांबूंच्या मांडवाला दोऱ्या ताणायच्या आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची. मे संपत आला की शेवटचा सुका माल आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, डब्यांत जातो, वलांडी उतरतात, बांबू मोळ्या बांधून भिंतीकडेला जातात आणि मोकळ्या झालेल्या वाळूवर होड्या येतात. ज्या उन्हात बोंबील सुकतात त्या उन्हात होड्या पाण्यात असतात, आणि होड्या वर येतात तेव्हा सुकवायला ऊनच नसतं. गिरणगावात एकाच खोलीत एक पाळी झोपायची तेव्हा दुसरी साच्यावर असायची. वेसाव्याची वाळू तशीच दोन पाळ्यांत राबते.

वाळूवर उभी राहते ती मात्र नुसती होडीची कुडी. बाकीची होडी घरात येते. यंत्र उतरवून, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली. दोरांची वेटोळी पायऱ्यांवर. जाळी माळ्यावर, तीही लोंबत ठेवायची. ढीग केला की उंदीर आत बिऱ्हाड करतो आणि हजारोंचं जाळं कुरतडतो. मावशींच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी चहा प्यायले तो जाळ्याच्या बोयांना डोकं घासत. ‘‘दोन महिने आम्ही पाहुणे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘घर होडीचं.’’

मग शाकारणी. कौलारू घर पावसाआधी शाकारतात, तशी होडीही शाकारतात. आधी तळ खरवडायचा. तिथे चिकटलेले टणक शंख-शिंपले पत्र्याच्या खरवडणीनेच सुटतात. लाकडी होडी असेल तर फळ्यांच्या फटींतलं जुनं भरण काढून नवं ठोकायचं आणि वर तेल पाजायचं. पूर्वी त्यासाठी मुशीच्या काळजाचं तेल वापरत, त्याचा वास म्हणे महिनाभर नाकातून जात नसे. फायबरच्या होडीला तडा गेला असेल तिथे काचेच्या धाग्याचं कापड आणि रसायन यांचं ठिगळ बसतं. शेवटी बांबूची कमान करून त्यावर ताडपत्री. एकेकाळी माडाच्या झावळ्या असत. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहणाऱ्या होडीला पावसाची एवढी धास्ती का, असं मी विचारलं. नाखवा हसला. ‘‘खारं पाणी लाकूड मुरवतं. गोडं पाणी कुजवतं.’’ म्हणूनच तळाचं बूच तो काढून खिशात ठेवतो. आत शिरलेलं पाणी आपसूक वाहून गेलं पाहिजे.

वेळ चुकली तर काय होतं, हे त्याने पाहिलंय. २०२१ साली १७ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा त्याची होडी अजून पाण्यातच होती. नांगर तुटून ती दुसऱ्या होडीवर आदळली. पुढच्याच वर्षी, तारीख वादळाने नव्हे तर आपणच ठरवायची, असं म्हणून त्याने पहिल्या उधाणाला होडी वर घेतली. पण लवकर चढवायची तर वलांडी लवकर उतरायला हव्यात, म्हणजे मावशींचा पंधरा दिवसांचा धंदा बुडणार. होडीची तारीख तेव्हापासून दोघं मिळून ठरवतात.

या वाळूची कागदावरची गोष्ट जरा अडखळत चालते. २०११च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांसाठी वेगळी तरतूद होती: १९८१च्या विकास आराखड्यात किंवा राज्य सरकारच्या नोंदींत असलेले कोळीवाडे नकाशावर आखावेत. कोळीवाड्यांच्या सीमांकनाची चर्चा निघाली की कोळी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. नुसती घरं मोजू नका. होड्या ओढायची, जाळी दुरुस्त करायची, मासळी सुकवायची जागाही मोजा. घर बारा महिने घरासारखं दिसतं. वाळू कधी गोदी असते, कधी कारखाना, आणि मधल्या काही दिवसांत नुसती वाळू.

ते मधले दिवस मी मुद्दाम गाठले. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या दर्यात होत्या, बोंबलाला कडक ऊन अजून पडलं नव्हतं. जिथे दोन होड्यांमधून मी अंग चोरून गेले होते, तिथे आता पोरं क्रिकेट खेळत होती आणि कडेला कुणीतरी चकचकीत गाडी आणून लावली होती. मावशी गाडीकडे बघत म्हणाल्या, ‘‘आज कुणी फोटो काढला, तर म्हणेल जागा मोकळी हाय.’’ मग चप्पल काढून त्या वाळू पायाने चाचपत गाडीपर्यंत गेल्या. पुढच्या चाकाशी त्यांचा अंगठा थांबला. तिथली वाळू जरा मऊ होती. गेल्या वर्षीच्या बांबूचा खड्डा.