१९४८ची वाटणी

अब्राम गेम्स या चित्रकाराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैनिकांसाठी एक पोस्टर काढलं. समोर लख्ख आधुनिक इमारत, तिच्या आडून दिसणारी पडकी वस्ती आणि त्या पडझडीत उभं एक रोगट मूल. चर्चिल यांना ते मूल खपलं नाही. पोस्टर मागे घेतलं गेलं. इमारत मात्र चित्रकाराच्या कल्पनेतली नव्हती. लंडनमधल्या फिन्सबरी या गरीब बरोच्या कौन्सिलने १९३८ साली उघडलेलं ते आरोग्यकेंद्र होतं. वास्तुरचना ल्युबेटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. पाठपुरावा कौन्सिलच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष डॉ. चुनीलाल काटियाल यांचा. पंजाबातून आलेले हे डॉक्टर त्याच वर्षी फिन्सबरीचे महापौरही झाले. क्षयाची तपासणी, दातांचा दवाखाना, पायांच्या विकारांवर उपचार, बायकांसाठी वेगळी तपासणी आणि रोग्यांच्या घरातले कपडे-अंथरुणं निर्जंतुक करण्याची सोय, हे सगळं एका छपराखाली होतं. रोगी आणि त्याचं अंथरूण हा एकाच खात्याचा विषय आहे, असं या कौन्सिलने गृहीत धरलं होतं.

ब्रिटनच्या आरोग्यसेवेची गोष्ट आपल्याकडे बहुधा ५ जुलै १९४८पासून, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या जन्मापासून सांगितली जाते, जणू त्याआधी फक्त धर्मादाय रुग्णालयं आणि डॉक्टरांची बिलं होती. प्रत्यक्षात लिव्हरपूलने १८४७ साली देशातला पहिला आरोग्याधिकारी नेमला होता. १९२९च्या कायद्याने गरीबखान्यांची रुग्णालयं कौंटी आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांकडे आली. १९३६च्या कायद्याने पगारी सुईणींची व्यवस्था त्यांच्यावर सोपवली. सांडपाणी, दूध, राहण्यास अयोग्य घरं, तान्ह्या बाळांच्या घरी जाणाऱ्या हेल्थ व्हिजिटर, साथीच्या रोगांची रुग्णालयं, हे सारं आरोग्याधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालात शेजारी-शेजारी येई. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या कायद्याने १९४८पासून उपचार मोफत केले, ही त्याची थोरवी निर्विवाद आहे. पण त्याच कायद्याने रुग्णालय आणि घर यांची वाटणी केली, आणि पुढच्या पाव शतकातल्या बऱ्याच अडचणींचं मूळ त्या वाटणीत आहे, असं माझं म्हणणं आहे.

१९४५च्या मंत्रिमंडळात हा वाद झालाच होता. लंडन कौंटी कौन्सिलमध्ये मुरलेले हर्बर्ट मॉरिसन कौन्सिलांची रुग्णालयं काढून घेण्याच्या विरोधात होते. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांचं उत्तर तोडीस तोड होतं: कौन्सिलांची ऐपत फार विषम आहे, आणि कोण कुठे जन्मला यावर त्याचे उपचार ठरू नयेत. शिवाय कौन्सिलचे नोकर व्हायला डॉक्टर तयार नव्हते. बेव्हन यांचं निदान मला पटतं. पण ऐपतीतली विषमता अनुदानाने भरून काढता येते, त्यासाठी काम तोडावं लागत नाही. ते तोडलं गेलं: रुग्णालयं सरकारी रुग्णालय मंडळांकडे गेली, घरोघरची सेवा कौन्सिलांकडे राहिली. गरोदर बाईची तपासणी कौन्सिलच्या केंद्रात किंवा फॅमिली डॉक्टरकडे, घरचं बाळंतपण कौन्सिलच्या सुईणीकडे, अडलं तर रुग्णालय मंडळाचा तज्ज्ञ: एका पोटासाठी तीन यंत्रणा. क्षयरोग्याचे उपचार मंडळाकडे गेले, त्याच्या घरच्यांची काळजी कौन्सिलकडे राहिली. या तुकड्यांना जोडणारी आरोग्यकेंद्रं उभारण्याचं काम कायद्याने कौन्सिलांवर टाकलं होतं; पैसा आणि बांधकामाचं साहित्य यांअभावी पहिल्या दशकात ती मोजकीच झाली. गंमत अशी, की केंद्र सरकारात १९५१च्या सुरुवातीपर्यंत घरबांधणी आणि आरोग्य एकाच मंत्रालयात होती.

यावर इतिहासकारांचा रास्त आक्षेप आहे, की हे आरोग्याधिकारी काही द्रष्टे नव्हते. रुग्णालयांच्या कारभारात रमून त्यांनी प्रतिबंधाकडे दुर्लक्ष केलं. घटसर्पाचं उदाहरण बोचरं आहे. टोरांटो आणि न्यूयॉर्कमध्ये १९२०च्या दशकातच लसीकरण सुरू झालं होतं, ब्रिटिश कौन्सिलांपैकी बहुतेक स्वस्थ बसल्या. पण १९४०मध्ये सरकारने लस फुकट पुरवली आणि मोहीम हाती घेतली, तेव्हा ती मुलांपर्यंत नेली कौन्सिलांच्याच माणसांनी. त्या वर्षी देशात ६१,०००हून अधिक रुग्ण आणि ३,२८३ मृत्यू होते. १९५७ साली ३८ रुग्ण आणि ६ मृत्यू. लस दिल्लीची असो वा लंडनची, ती दंडापर्यंत न्यायला गल्ली माहीत असलेलं कुणीतरी लागतं. क्षयाचं श्रेय स्ट्रेप्टोमायसिनला जातं, तेही अर्धंच खरं. १९५७मध्ये ग्लासगोत पाच आठवड्यांत सात लाखांवर लोकांचे छातीचे एक्स-रे काढले गेले. औषध हाताशी होतं. ते कुणाला द्यायचं, हे आधी शोधावं लागलं.

वृद्धांच्या बाबतीत मात्र कौन्सिलांची बाजू घेणं अवघड आहे. १९४८च्याच नॅशनल असिस्टन्स कायद्याने निराधार वृद्धांना निवारा देणं त्यांचं कर्तव्य ठरवलं, आणि अनेक ठिकाणी हा निवारा म्हणजे जुन्या गरीबखान्याचीच इमारत होती. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९६२च्या आपल्या पुस्तकात तिथली लांबच लांब शयनगृहं आणि खासगीपणाचा अभाव नोंदवला. पण इथेही वाटणी आडवी येते: वृद्ध ‘आजारी’ की नुसता ‘अशक्त’, यावर तो मंडळाच्या खाटेवर जाणार की कौन्सिलच्या, हे ठरे, आणि दोघांनाही तो नको असे. घरी राहू शकणाऱ्यांसाठी घरकामात मदत करणाऱ्या होम हेल्प होत्या, पण त्या पुरवण्याचा केवळ अधिकार होता, सक्ती नव्हती.

पुढे तुकड्यांचेही तुकडे झाले. सीबोम समितीच्या १९६८च्या अहवालानंतर कौन्सिलांमध्ये समाजसेवांचं वेगळं खातं निघालं आणि होम हेल्प तिकडे गेल्या. १ एप्रिल १९७४ रोजी हेल्थ व्हिजिटर आणि घरी जाणाऱ्या परिचारिका राष्ट्रीय आरोग्य सेवेत गेल्या, अन्नतपासणी आणि ओल आलेली घरं कौन्सिलकडेच राहिली, आणि आरोग्याधिकारी हे पद रद्द झालं. २०१३मध्ये इंग्लंडने सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी पुन्हा कौन्सिलांकडे सोपवली. रुग्णालयं अर्थातच परत आली नाहीत.